एका अंगाचा गोट

चित्रातल्या बाईच्या झंपराला पाठीमागून काय असेल, यावर आमच्या घरात आठ दिवस वाद चालला होता.

बाई विलायती होती आणि कागदावरची होती. जुन्या इंग्रजी मासिकाच्या एका पानावर उभी. एक हात कमरेवर, मान जराशी वळवलेली. कुणीतरी हाक मारली आहे आणि ओ द्यायची की नाही हे तिचं अजून ठरलेलं नाही, अशी. गळ्यात मोत्यांचा एकच सर. अंगात गर्द हिरवा झंपर, गळा बंद, मानेशी बोटभर उंचीची उभी पट्टी, बाही कोपराच्या खाली चार बोटं. पुढं एक बटण नाही, एक हूक नाही, एक चुणी नाही. अंगावर ओतल्यासारखा बसलेला. माझी बायको ते पान घेऊन खिडकीपाशी बसायची आणि थोड्या थोड्या वेळानं एकच विचारायची, "अवो, ही ह्याच्यात शिरली कुटनं?"

पहिल्या दिवशी तिनं पान उलटून बघितलं. पुढच्या बाजूला पोट दिसतंय तर मागच्या बाजूला पाठ असणार, असं तिला वाटलं. मागं रेडिओची जाहिरात होती. मी इतका हसलो की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ती जाऊन दीड वर्ष झालं. आता ते दोन दिवस परत मागावेसे वाटतात, पण मागायचे कुणाकडं?

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. सोलापुरात पूर्व भागात आमची एक खोली होती. मी चौथी शिकलेला, छापखान्यात मशीनवर कामाला. चादरींच्या गठ्ठ्यावर चिकटवायची रंगीत लेबलं, दुकानांची कॅलेंडरं, असलं छापायचो. बायको शाळेत एक दिवस गेली नव्हती. ती विड्या वळायची. आमच्या बोळात सगळ्याच वळायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, सकाळपासून बोटं चालू. बाकीच्यांना ते सोसायचं, हिला सोसायचं नाही. दुपार झाली की डोकं धरायची. कधीकधी खाल्लेलं उलटून पडायचं. तोंड धुऊन परत सूप घेऊन बसायची.

तिच्या आईनं दिलेलं एक हातमशीन होतं, एका हातानं फिरवायचं. त्यावर बोळातल्या बायकांचे झंपर, परकर शिवायची. पण बोळातली बाई वर्षाला दोन झंपर शिवणार, तेही फाटल्यावर. त्यावर विडी सुटत नाही. ती म्हणायची, "एक बंगला धरला पायजे. बंगल्यातल्या बायका हौसेनं शिवत्यात." मी सरळ सांगायचो, "बंगल्याच्या नादाला लागू नको. त्यांचं एक कापड बिघडलं तर आपल्याला तोंड दाखवता यायचं न्हाय." माझं बोलणं तेव्हापासूनच असं. गोड लावून सांगता येत नाही.

तिनं ऐकलं नाही. रेल्वे लाइन्सकडं एका वकिलांचा बंगला होता. तिथल्या वकीलीणबाईंनी तिला आधी उशांचे अभ्रे दिले, मग खिडक्यांचे पडदे. आणि एक दिवस हे मासिकाचं पान आणि हिरव्या रेशमाचा तुकडा दिला. कापड बंगळुराहून आणलेलं, मोजून एका झंपरापुरतं. मासिक वीसेक वर्षांचं जुनं, बाईंच्या माहेरच्या पेटीतलं. लहानपणी त्या म्हणे हे पान उशाखाली घेऊन झोपायच्या. पुण्याला भाच्याचं लग्न होतं. बाई म्हणाल्या, "पुण्याच्या माणसांपुढं मला सोलापुरी चादर होऊन उभं राहायचं नाही. मला ही होऊन उभं राहायचंय." गावातल्या दोन टेलरांनी पुढं हूक घेतल्याशिवाय जमणार नाही म्हणून सांगितलं होतं. पुढं हूक आले की ते चित्र राहत नाही, एवढं बाईंना कळत होतं.

"जमला, तर माझ्या मंडळातल्या सगळ्यांना तुझ्याकडं पाठवीन," असं बाई म्हणाल्या.

बायको घरी आली ती तोंडावर घाम घेऊन. मला म्हणाली, "ह्यो जमला तर सूप खाली ठिवते. न्हाय जमला तर जलमभर तंबाखू." दुसरं कापड मिळणार नव्हतं. लग्नाला पंधरा दिवस होते.

शेजारी एक म्हातारी तेलुगू बाई राहायची. तिला सगळा बोळ अम्मा म्हणायचा. विधवा, मुलगा यंत्रमागावर कामाला. ती आणि माझी बायको एकाच उंबऱ्यावर सूप मांडून बसायच्या. अम्मानं चित्र बघितलं आणि म्हणाली, "अय्यो, ही काय जेवत न्हाई काय गं? कंबर कुटं हाय हिला?"

"अम्मा, कंबर न्हाय, झंपर बघा."

"झंपर बघितली की. बटण न्हाई, काय न्हाई. अंगावरच शिवली आसंल. सांजेला कापून काढत आसतील."

बायको हसली, पण डोळे चित्रावरच. मग एका दुपारी मी जेवायला घरी आलो तर तिनं मला दारातच धरलं. "हितं बघा. काखेत बघा." मी बघितलं. काख होती. "आवं, कापडाला वढ हाय. बारीक तीन रेघा दिसत्यात का? त्या मागं चालल्यात. मागं कायतरी धरलंय कापडाला. हुका मागं हायेत. पाठीवर, वरपासनं खालपतुर."

मी रोज हजारानं चित्रं छापत होतो. देवांची, बायांची, आगगाड्यांची. चित्रातल्या कापडाला ओढ असते आणि त्या ओढीवरून न दिसणारी पाठ वाचता येते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. माझ्याकडं अक्षरं होती, तिच्याकडं ती पण नव्हती. आणि तिनं ते पान माझ्यापेक्षा जास्त वाचलं होतं. भाकरी खाताना तिच्याकडं नुसता बघत राहिलो. ती म्हणाली, "काय बघताय? आमटीत मीठ कमी हाय का?"

अम्मानं ऐकल्यावर विचारलं, "पाठीवर हुक? आणि लावणार कोण?"

"घरातलं कुणीतरी."

"म्हंजे वकीलसायबाला काम लावलीस तू! कोर्टात जायच्या आधी हुक लाव म्हणायचं!" आणि दोघी सुपातली तंबाखू सांडेपर्यंत हसल्या.

तिनं आधी जुन्या धोतराचा झंपर शिवून बघितला. स्वतःच्या अंगात घातला, मला हूक लावायला लावले. माझ्या शाईच्या बोटांना ते जमेनात. ती ओरडली, "दमानं! मशीन न्हाय ती, पाठ हाय!" तो नीट बसला, तेव्हा तिनं रेशमाला कात्री लावली. कात्री लावताना श्वास धरून बसली होती. मी पण.

नंतर चार दिवस मी कामात अडकलो. नव्या सालाची कॅलेंडरं चालू होती, सकाळी जायचो, अंधार पडल्यावर यायचो, आल्या आल्या आडवा व्हायचो. झंपर ती फडक्यात गुंडाळून ठेवायची, मीही उघडून बघितला नाही. पाचव्या दिवशी सुट्टी होती. सकाळी तिनं फडकं सोडलं आणि झंपर दारातल्या उजेडात धरला.

तसला झंपर मी आयुष्यात बघितला नव्हता. हिरवा असा की त्यात पाणी भरलंय वाटावं. उभी पट्टी कागदासारखी ताठ. आणि उजव्या खांद्यावरून, फक्त उजव्याच, एक पिवळा गोट. काठाला लावतात तो गोट, पण ज्वारीच्या काडीएवढा बारीक. मानेच्या पट्टीपासून निघून खांद्यावरून बाहीच्या बाहेरच्या अंगानं थेट बाहीच्या टोकापर्यंत उतरलेला. डाव्या अंगाला काहीच नाही.

"हे पिवळं काय?"

"गोट. चित्रात हाय न्हवं?" ती लई खुशीत होती. "आधी मला दिसलाच न्हाय. मग दिसला. एकाच अंगाला घातलाय बघा त्यांनी! केवढं धाडस! आणि बराबर अंग धरलंय. डाव्या खांद्यावर आपला पदर येतो, तिथं गोट घालून काय उपेग? त्यांच्यात पदर न्हाय, तरी त्यांना कळलं." पिवळ्या रंगासाठी ती नव्या पेठेतली सगळी दुकानं फिरली होती. लिंबाचा म्हणावा तर नाही, हळदीचा म्हणावा तर नाही. शेवटी अम्मानं स्वतःच्या पेटीतलं एक पिवळं रेशीम काढून दिलं. आणि शिवलेलं बघून अम्मा म्हणाली होती, "एकच अंगाला? कापड संपली काय गं? मागायची की, आणखी देते!"

माझे डोळे आधी चित्रावर गेले. ते पिवळं मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. छापताना एकावर एक रंग चढतात. पिवळा, तांबडा, निळा, काळा. हिरवं म्हणजे खाली पिवळा आणि वर निळा. कागद केसभर सरकला की रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि एका कडेला खालचा रंग बाहेर डोकावतो. आम्ही म्हणायचो, रंग हलला. त्या पानावर पिवळा हलला होता. मी ते बघितलं, मनात म्हणालो विलायतेतसुद्धा मशीनवाले झोपा काढतात, आणि विसरलो. तिला सांगण्यासारखं त्यात काय, असं वाटलं. ती त्याला गोट समजेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

आणि मला गप्प बसता येत नाही. म्हणालो, "अगं, हा गोट न्हाय. छपाई हललीय."

"म्हंजे?"

छापखान्यातलं भिंग माझ्या पिशवीत होतं. ते पानावर ठेवून तिला बघायला लावलं. भिंगाखाली चित्र राहत नाही, नुसते ठिपके. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. "ही सगळी बाई ठिपक्यांची हाय?" तिनं हळूच विचारलं. त्या वेळीसुद्धा तिला पहिलं आश्चर्य त्याचंच वाटलं. मी भिंग बाईच्या ओठावर सरकवलं. "बघ. ओठालाबी तीच पिवळी कड हाय, त्याच अंगाला. झंपराला गोट लावतील एकवेळ. ओठाला कोण लावतं?"

ती मागं सरकून भिंतीला टेकली. गोट उसवला तर रेशमावर सुईची भोकं राहतात, ती बुजत नाहीत. हे मला सांगावं लागलं नाही. बाहेर उंबऱ्यावर अम्माचं विडी वळणं चालू होतं, सुपात पानं सरकल्याचा आवाज येत होता. मला वाटलं ही रडेल. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं झंपर परत उचलला, उजेडात धरला, एकदा चित्राकडं बघितलं, एकदा झंपराकडं.

"मग ती बाई गोटाबिगरच उभी व्हती?"

"व्हय."

"मग तिच्यापरीस ह्यो बरा दिसतोय."

मी पण बघितलं. आणि खोटं कशाला सांगू, बरा दिसत होता. त्या एका रेघेनं सगळा झंपर उभा राहिला होता.

दुपारी तिला सायकलवर मागं बसवून बंगल्यावर घेऊन गेलो. वाटेत बजावलं, "चुकीचं काय बोलू नको. त्या म्हणतील चित्रासारखा हाय, तर आपण व्हय म्हणायचं आणि निघायचं." ती मागं झंपराचं फडकं सांभाळत बसली होती.

वकीलीणबाई झंपर घेऊन आत गेल्या. हूक लावायला बायकोला आत बोलावलं. मी बाहेरच्या खोलीत टोपी हातात घेऊन उभा. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. काळी साडी, पदर डाव्या खांद्यावर, उजवा खांदा मोकळा, आणि त्यावरून ती पिवळी रेघ. मी वकीलीणबाईंना आधी दोनदा बघितलं होतं. ठेंगण्या, जराशा जाड, चष्मेवाल्या. आताही त्या तेवढ्याच होत्या. पण माझी मान आपोआप खाली गेली, देवळात जाते तशी. मासिकातली बाई दुरून छान होती. ही समोर उभी होती, श्वास घेत होती, आणि माझ्या बायकोनं तिला तसं केलं होतं. बाई आरशापुढं गेल्या. एक हात कमरेवर ठेवला, लाजून काढला, परत ठेवला. टेबलावरचं पान उचलून आरशाशेजारी धरलं.

"अगदी तशीच. तो गोटसुद्धा! मी इतकी वर्षं हे पान बघतेय, मला कधी गोट दिसला नव्हता."

मी मनात म्हणालो, सुटलो. बायकोला डोळ्यानं खूण केली, चल.

ती हलली नाही. म्हणाली, "बाई, चित्रात गोट न्हाय."

मी खोकलो. तिनं लक्ष दिलं नाही.

"ती छपाई हललेली हाय. ह्यांनी सांगितलं, पण शिवून झाल्यावर. मला ते गोट वाटलं. माझी चूक हाय. उसवला तर भोकं राहत्याल." एवढं बोलून ती खाली बघत उभी राहिली. ओच्यात हात गुंडाळलेले. त्या हातांना विडीच्या पानांचे चट्टे होते.

बाईंनी चष्मा वर करून पान डोळ्यांशी नेलं. मग माझ्याकडं बघितलं. "खरं का हो?"

मी कपाळकरंटा. म्हणालो, "खरं हाय. ओठालाबी हाय बघा."

बाईंनी ओठ बघितले. आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. झंपराचे हूक तुटतील म्हणून माझ्या बायकोनं जाऊन त्यांना पाठीशी धरलं. "हळू, बाई, हळू." त्या डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे हा गोट जगात कुणाच्याच अंगावर नाही?"

"न्हाय, बाई."

"मासिकातल्या बाईच्यासुद्धा नाही?"

"न्हाय."

बाई परत आरशाकडं वळल्या. या वेळी पान त्यांनी टेबलावर ठेवून दिलं होतं. बराच वेळ त्या स्वतःलाच बघत होत्या, आणि आम्ही दोघं त्यांना. मग म्हणाल्या, "असाच राहू दे. पुण्यात कुणी विचारलं तर मासिकातला आहे म्हणून सांगायचं नाही, हे मी आत्ताच ठरवलंय."

पुण्याहून त्या परत आल्या आणि आठवड्याच्या आत आमच्या बोळात दोन टांगे आले. टांग्यातून उतरलेल्या बायकांनी नाकाला पदर लावले होते, तंबाखूच्या वासानं. सगळ्यांना एकाच अंगाचा गोट पाहिजे होता. बायकोनं सगळ्यांना तसाच दिला नाही. एकीला म्हणाली, "तुमचा खांदा उतरता हाय, तुमाला गोट न्हाय शोभायचा, तुमाला पट्टी उंच करते." ती बाई चिडली आणि महिन्यानं तीन मैत्रिणी घेऊन आली. अम्मानं तर दांडगाईच केली. म्हणाली, "माझी रेशीम, माझी शेजारीण, आणि मलाच गोट न्हाई?" तिच्या पांढऱ्या साध्या झंपराला बायकोनं पांढराच गोट लावून दिला, एका अंगाला. लांबून दिसायचा नाही. अम्मा बोळातल्या प्रत्येकीला जवळ बोलावून दाखवायची.

थंडी संपता संपता बायको मला म्हणाली, "उद्या कारखान्यात सोडा मला. नाव कमी करून येते."

विडी कारखान्याच्या फाटकापाशी मी सायकल धरून उभा राहिलो. आत बायकांची रांग होती, टोपल्या घेऊन आलेल्या. ती रिकाम्या हातानं आत गेली. मला धाकधूक होती. म्हणालो होतो, नाव राहू दे, दिवस सारखे नसतात. ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाला मुनीम?"

"म्हणाला, परत यायचं झालं तर नाव लागायला लई दिवस लागतील."

"मग?"

"मी म्हणलं, लागू द्या."

आणि ती मागं बसली. फाटकापासून घरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि मीही मागं वळून बघितलं नाही, रस्त्यात टांगे होते, मला सायकल सांभाळायची होती. तिचं तोंड तेव्हा कसं होतं, ते मला माहीत नाही. थांबून बघायला हवं होतं. एवढ्या वर्षांत तिला विचारायलाही सुचलं नाही.